सुतकातली हजेरी

प्रश्न १. कामावर कोणत्या कंपनीनं घेतलं?

"गिरणीनं," कोंडीबा म्हणाला. "सदऱ्याच्या पाठीवर गिरणीचंच नाव हुतं."

"आणि पगाराच्या चिठ्ठीवर ठेकेदार कंपनीचं," प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या. दिवाळं निघालेल्या सूतगिरणीतल्या कामगारांचे दावे तपासायला त्या पुण्याहून कडेगावला आल्या होत्या. गिरणीच्या कताई खात्याच्या दारातच टेबल टाकलं होतं. कोंडीबा गिरणीचा ठरला, तर गिरणीची जमीन विकून त्याचा थकलेला चौदा महिन्यांचा पगार मिळणार. ठेकेदाराचा ठरला, तर ती कंपनी म्हणजे मलकापुरातला एक कुलूपबंद गाळा.

प्रश्न ४. काम कोण सांगायचं?

कोंडीबा आत बघू लागला. यंत्रं ताडपत्रीखाली गेली होती. त्याचं नऊ नंबर पार पलीकडच्या टोकाला. काम कोण सांगणार? धागा तुटला की बोटं आपली आपण जायची. घरी पोचला की भुवयांवर रुई असायची, आणि आई पदरानं पुसत म्हणायची, "माझ्याआधी म्हातारा झालास की रं."

"कुणी न्हाई सांगायचं," तो म्हणाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

प्रश्न ७. रजा कुणाकडे मागायचा?

"बावीस वर्सांत मागितलीच न्हाई."

"व्हय, लय शाणा!" मागच्या बाकावरनं अंबूबाई कडाडली. तीही त्याच खात्यातली, तिचाही दावा होता. "आवं मॅडम, ह्यानं आईची राख सावडली त्याच दुपारी गिरणीचं मास्तर फटफटी घिऊन दारात. सुतकात न्हेलं ह्याला! दहाव्यापतोर उंबरा वलांडत न्हाईत आमच्यात."

मॅडम पुढं झुकल्या. "गिरणीचे मास्तर, म्हणजे खात्याचे सुपरवायझर? ठेकेदाराचा माणूस नव्हता?"

"गिरणीचंच."

"मग झालं की काम. हुकूम गिरणीचा, म्हणजे माणूस गिरणीचा." पेन पुन्हा हातात आलं. "काका, मास्तर 'कामावर चल' असं म्हणाले ना?"

अंबूबाईनं कोंडीबाला मागून ढोसलं. "व्हय म्हण, मुडद्या."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर नुसतं भेटाय आलं हुतं, मॅडम. च्या पिऊन निघालं, तर मीच गाडीवर मागं बसलो. घरात लय शांत झालं हुतं."