चार दिवसांचा सामुराई

लॉकडाऊनमध्ये अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावातल्या आमच्या घरात मी आणि माझा नवरा प्रतीक एक स्वस्तातला सामुराई सिनेमा बघत होतो. जुन्या जपानात टपकलेला अमेरिकन चार दिवसांत तलवार शिकला आणि पाचव्या दिवशी तिथल्या म्हाताऱ्या सामुराईलाच ती कशी धरायची ते समजावू लागला. त्याचा विगसुद्धा धड बसत नव्हता.

"काय हा आगाऊपणा!" प्रतीक सोफ्यावर लोळून हसत होता.

तेवढ्यात साताऱ्याहून माझ्या सासऱ्यांचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, तिकडचा लॉकडाऊन उठलाय ना, मग घरात बसून राहू नका, सायकल चालवा." प्रतीक सांगू लागला. " इथे येऊन सहा महिन्यांत मला कळलं सायकल म्हणजे काय! हँडल सैल धरायचं, पाठ ताठ..."

 

पस्तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलेले माझे सासरे म्हणाले, "जरा सावकाश सांग, लिहून घेतो."