खोक्यावरचं नाव

कंपनीच्या माणसाने तिन्ही प्लेयर काळ्या कागदात गुंडाळून टेबलावर मांडले. बटणं आणि पडदा तेवढे उघडे ठेवले, आणि पाठीवर खडूने आकडे घातले. एक, दोन, तीन. खिशात मावतील एवढेएवढेसे प्लेयर, पण किंमत ऐकली तर माणूस खिसाच शिवून टाकेल. शेजारी कंपनीचा नवा हेडफोन होता, बाहेरून जाळीचा. गाणं मोकळं वाटावं म्हणून जाळी ठेवतात, मग त्याचा आवाज थोडा बाहेरही सांडतो.

"आमचा हा हेडफोन तिन्हींतला कुठला प्लेयर नीट पेलतो, तेवढं सांगा सर," तो म्हणाला. "तीच जोडी बाजारात आणणार. खोक्यावर तुमचं नाव, खाली सही."

सरांनी मान डोलावली. हेडफोनची परीक्षणं लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, असं सगळे म्हणत. आतल्या दारात त्यांची बायको उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं. सकाळीच त्याने कबूल केलं होतं, आज सांगतो, खोक्यावर दोघांची नावं घाला म्हणून.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याचे कान तपासले होते. वरचे बारीक आवाज गेले, ते आता परत यायचे नाहीत, असं स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून ऐकायचं तिने आणि लिहायचं त्याने. पहिलं वर्षभर तो रडकुंडीला येऊन म्हणायचा, तू नसतीस तर माझं काय झालं असतं. पुढे म्हणेनासा झाला.

आता त्याने एकेक प्लेयर लावून ऐकला, डोळे मिटून, फोटोत बसतो तसा. मग हेडफोन काढला आणि हाक मारली.

"अगं, ये जरा. सामान्य माणसाला काय वाटतं तेही बघू."

हे नाटक त्यांचं ठरलेलं होतं. येईल त्या पाहुण्यासमोर ते व्हायचं, आणि आजवर कोणाला शंका आली नव्हती.

ती खुर्चीवर बसली. तेच गाणं तिने तिन्ही प्लेयरवर ऐकलं, दोन नंबर परत एकदा लावला, आणि हेडफोन टेबलावर ठेवला.

"एक नंबरात गाणारी बाई भिंतीपलीकडे बसल्यासारखी वाटते. दोन नंबरचं व्हायोलिन दाताला लागतं. तीनमध्ये सगळे आपापल्या जागी आहेत, कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही."

नवरा खो खो हसला. "दाताला लागतं म्हणे. ऐकलंत? बरं, आता लिहून घ्या. एक, गायिकेचा आवाज मागे पडतो. दोन, वरच्या सुरांना नको इतकी धार आहे. तीन, वाद्यांची मांडणी सुटी आणि स्वच्छ. माझी निवड तीन."

माणूस भराभर लिहू लागला. ती बोलत होती तेव्हा त्याने पेनाला हातही लावला नव्हता.

"कानसेन म्हणतात ते उगीच नाही, सर. नाव कसं घालू खोक्यावर?"

ती उठून उभी राहिली, पण आत गेली नाही. आता सांगेल, ती मनाशी म्हणाली.

"पूर्ण नाव घाला," तो म्हणाला. "जरा मोठ्या अक्षरात."

"अहो," ती म्हणाली, "दोन नावांचं बोलणार होतात ना?"

माणसाने मान वर केली. नवऱ्याने माशी हाकलावी तसा हात झटकला.

"हिला वाटतं, हिचंही नाव घालावं. चहा करते ना आपल्यासाठी." आणि तो माणसाकडे बघून डोळे मिचकावून म्हणाला, "दारावरची बेल वाजली तरी हिला दोनदा सांगावं लागतं. या घरात कान काय ते दोनच, आणि ते माझे."

बेल वाजल्याचं रोज तीच त्याला सांगायची. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं आपण मूग गिळून बसलो, आणि हा चोराच्या उलट्या बोंबा मारतोय, तेही परक्या माणसासमोर. रडू येईल असं तिला क्षणभर वाटलं. आलं नाही. राग तेवढा आला, आणि तो सगळाच्या सगळा आला.

"बसा," ती नवऱ्याला म्हणाली. "एक तपासणी राहिलीय."

तिने हेडफोन उचलून त्याच्या कानांवर नीट बसवला आणि तीन नंबरचा प्लेयर हातात घेतला. गाण्यांच्या यादीखाली नुसते तपासणीचे सूर होते, जाड्यापासून बारक्यापर्यंत, एकेक लांबच लांब. तिने अगदी शेवटी जाऊन एक निवडला.

गाणंच लागणार अशा समजुतीने नवऱ्याने डोळे मिटले. हनुवटी थोडी वर केली.

तिने सूर लावला आणि आवाज वाढवत नेला. हेडफोनच्या जाळीतून बारीक, चिरकी शिट्टी बाहेर आली आणि खोलीभर घुमू लागली. कंपनीच्या माणसाने दचकून सरांकडे बघितलं. मग पेन टाकून त्याने दोन्ही कान दाबले आणि खुर्ची मागे ओढली. तिच्याही कानांत कळ गेली, पण तिचा अंगठा बटणावरून हलला नाही.

नवरा तसाच बसून होता, शांत, डोळे मिटून.

"अगं, लाव की आता," तो म्हणाला. "माणसाने वाट तरी किती बघायची?"