देवकीची वाचा

"बोलतं हिला करायचं न्हवं? मग मला कशाला माती?" उमाजीनं पुढ्यातला गोळा बाजूला सारला.

जोयड्याच्या दवाखान्यामागच्या त्या खोलीत पल्लवी दर मंगळवारी रामनगरहून यायची. मनानं खचलेल्या माणसांपुढं माती, रंग, नाहीतर एखादं ढोलकं ठेवायची आणि शेजारी बसून राहायची. तोंडानं निघत नाही ते हातानं निघतं, असं तिचं म्हणणं. उमाजीच्या गावी, दिग्गीत, याला येड्यांची शाळा म्हणत. लोकांचं काय घेऊन बसलात, ते देवालाही नावं ठेवतात!

"घरच्या माणसानंही करायचं असतं, अण्णा," पल्लवी म्हणाली. "तुम्ही केलंत तर वैनी करतील."

उमाजीची बायको देवकी त्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती. तिनं मातीला बोट लावलं नव्हतं. उमाजीनं तिच्याकडं एकदा पाहिलं, गोळा परत ओढला आणि मुकाट्यानं मळायला लागला.

बिचाऱ्यांवर वेळच तशी आली होती. एकुलता एक रोहन, गोव्याला हॉटेलात कामाला. सुट्टीला म्हणून घरी आला, शेताला पाला तोडायला मत्तीच्या झाडावर चढला आणि पडला तो उठलाच नाही. देवकी बाराव्यापर्यंत ऊर बडवून रडली. उमाजीच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. आल्यागेल्याला चहा दिला, कार्य पार पाडलं, लावणीही वेळेवर उरकली. गडी धीराचा, असं गाव म्हणालं.

गावातली आशा सेविका सुमंगला तेव्हाच एकदा जोयड्याचं नाव घेऊन आली होती. "कोन येडं झालंय हितं?" म्हणून उमाजीनं तिला उंबऱ्यावरनंच परत लावली.

पुढं एका तिन्हीसांजेला देवकी म्हस बांधायला गोठ्यात गेली. उमाजी दावं मांडीवर घेऊन, वर आढ्याकडं बघत अंधारात बसला होता. हाक मारायला तिनं तोंड उघडलं आणि आवाज फुटलाच नाही. त्या घडीपासून ती बोलेनाशी झाली. दोन माणसांचं घर, त्यातलं एक बोलेना, म्हणजे काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

उमाजी हबकला. देवळात जाऊन त्यानं कौल लावला. "घरातलं आजारी मानूस जोयड्याला न्हेऊ का?" देवाच्या अंगावरचं फूल उजवीकडं पडलं. देवानं हो म्हटल्यावर येड्यांच्या शाळेची लाज धरून कसं चालेल? बाईमाणसाला एकटीला जीपमध्ये बसवून धाडायची रीत नाही. कामधंदा सोडून उमाजीच तिला घेऊन यायला लागला.

"पोरगा गेला," तो पहिल्याच दिवशी पल्लवीला म्हणाला होता. "आता ही बी अशी गेली तर मी कुनासाठी जगू, अक्का? हिचा आवाज तेवढा परत आना."

"आणू या," पल्लवी म्हणाली होती.

पण तिची रीत उमाजीला काही उमगत नव्हती. देवकीला ती फारसं काही विचारायचीच नाही. झोप लागते का, जेवण जातं का, सगळं उमाजीला. तो वैतागून म्हणायचा, "माझं काय इचारता? मी ठणठणीत हाय." तरी बायकोसाठी पुन्हा यायचा.

आज त्याचे हात आपोआप चालले होते. मातीचं खोड उभं राहिलं, खांद्या फुटल्या.

"कुठलं झाड, अण्णा?"

"मत्ती."

उमाजीनं मातीचं एवढंसं बाहुलं करून वरच्या खांदीवर बसवलं. मग एकदम दचकला आणि अंगठ्यानं ते पुसायला गेला. तेवढ्यात देवकीनं हात पुढं करून त्याचं मनगट धरलं. इतक्या दिवसांत त्या खोलीत पहिल्यांदा ती जागची हलली होती.

"साल वली हुती," उमाजी म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "बाबा, उद्या चढतो, म्हनला त्यो. मीच म्हनलं, हाटेलात बशा धुऊन हात मऊ झालं व्हय रे तुझं? तसाच चढला. वर जाऊन माज्याकडं बघून हसला बी. माझा गुडघा दुखत हुता गं, देवकी. न्हाईतर मीच चढलो असतो. मीच मारला आपला रोहन."

आणि तो धाय मोकलून रडला. बाहेर केसपेपरसाठी उभी असलेली माणसं दारातून डोकावली. पल्लवीनं उठून दार लोटून घेतलं. देवकीनं नवऱ्याचं डोकं छातीशी धरलं आणि तीही रडली, पण तोंडातून आवाज काढला नाही.

शेवटी उमाजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. त्याला भारी ओशाळल्यासारखं झालं.

"हिला बरं करायला आनली आनि मीच रडत बसलो. चुकलं, अक्का. हिचा आजचा दिस वाया गेला."

"वाया नाही गेला, अण्णा. पुढच्या मंगळवारी या."

"येतो तर. ही बोलंपर्यंत यायलाच पायजे." तो देवकीकडं वळला. "बस हितंच. तोंड धुऊन येतो."

तो बाहेर गेला. देवकी खिडकीशी उभी राहून बघत राहिली. उमाजी नळाखाली वाकला, डोक्यावर पाणी घेतलं, तिथल्याच कट्ट्यावर टेकला. शेजारच्या म्हाताऱ्याशी त्यानं आपणहून दोन शब्द काढले. तेव्हा कुठं ती खिडकीपासून हलली, पल्लवीजवळ आली आणि पदरानं डोळे टिपत स्वच्छ आवाजात म्हणाली,

"रडलं बाई एकदाचं. अक्का, आता मी बोलाय लागले, तरी ह्ये हितं येत ऱ्हातील न्हवं?"