हलका पाव

फळीवरचे सगळे पाव सोडून बेरिल हॅनाफर्डनं नेमका कोपऱ्यातला उचलला. तो पाव टॅमझिनच्या मुलीनं, नेलनं, वळला होता. पहाटे स्टुलावर उभी राहून, जीभ बाहेर काढून, सहा वर्षांच्या इवल्या तळव्यांनी. "माझापण ठेवायचा," म्हणाली होती, म्हणून टॅमझिननं ठेवला होता. बेरिल आजी आली तशी पोरीनं काचेतून बोट करून तिलाही दाखवला होता.

दुकानाबाहेर दोन बस भरून आलेले पाहुणे उभे होते. थॉर्नफर्डला बाजाराची सनद मिळाली तो हा दिवस. सातशे वर्षांपूर्वीच्या कायद्याप्रमाणे गावातल्या प्रत्येक बेकरीतला एकेक पाव आज तोलायचा. भरला तर दारावर हिरवी डहाळी लावायची, कमी भरला तर करणाऱ्याला चौकातल्या लाकडी खोड्यात पाय अडकवून बसवायचं. पण आजवर कुणाचाच कमी भरला नव्हता. पारडं अडलंच तर दवंडीवाला कॉलिन खालून बोट लावायचा, सगळे हसायचे, डहाळी लागायची.

यंदा तोलण्याचा मान बेरिलचा होता. लाल झगा, तिकोनी टोपी, गळ्यात साखळी. बेरिल म्हणजे टॅमझिनची सासू. मुलगा रॉस फेब्रुवारीत बायकोला सोडून आईकडे राहायला गेला, आणि आता नेलही तिथंच राहावी म्हणून कोर्टात गेला होता. सोमवारी कोर्टाची बाई येऊन नेलला एकटीला बसवून विचारणार होती, तुला कुणाकडे राहायचंय.

"बेरिल, दुसरा घ्या ना," टॅमझिन हलक्या आवाजात म्हणाली.

"का गं? याला काय झालं?" बेरिल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. पाहुणे हसले.

पारड्यात पाव ठेवला तरी पलीकडचं पितळी वजन जागचं हललं नाही. कॉलिननं सवयीनं बोट पुढे केलं. बेरिलनं ते बाजूला सारलं.

"कायदा म्हणजे कायदा, कॉलिन."

कॉलिननं एकदा टॅमझिनकडे पाहिलं, मग घंटा वाजवली. "पाव हलका भरला हो." गर्दी खूश झाली. इतक्या लांबून आल्याचं चीज झालं.

"कुणी केला हा?" बेरिलनं विचारलं.

नेल आजीच्या झग्याशी उभी होती. तिचा हात झटकन वर निघाला. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "घाला खोड्यात," आणि हात अर्ध्यावरच थांबला.

"मी केला," टॅमझिन म्हणाली.

नेल आईकडे बघतच राहिली. "तू नाही, आई. तो तर..."

"मीच केला. घाईत केला, बिघडला. तू गप्प बस बरं."

पोरीनं हात खाली घेतला आणि पाठीमागे लपवला.

चौकातल्या खोड्यात पाय घालून रोज कितीतरी पाहुणे फोटो काढायचे. आज कॉलिननं वरची फळी खरोखर खाली टाकली, खिळा बसवला. "पाचच मिनिटं, पोरी," तो पुटपुटला. "मनावर घेऊ नकोस." शेजारी बादलीत ओले स्पंज होते. पहिला छातीवर बसला, दुसरा कानावर. एप्रनवरच्या पिठाची लापशी झाली.

"जरा हसा की बाई," टोपीवाला एक पाहुणा म्हणाला. "फोटोत येताय तुम्ही."

टॅमझिन हसली.

बेरिल खाली वाकली. नेलच्या मुठीत तिनं स्पंज दिला, वरून आपला हात दाबला. "राग आलाय ना आईचा? मग मार. खेळच आहे."

"माझा होता तो," नेल आईला म्हणाली. ओरडली नाही. टॅमझिननं हो म्हटलं असतं तर त्या हलक्या पावाची मालकीण आत्ता कोण झाली असती, ते तिला दिसत होतं.

नेलनं स्पंज फेकला. तो अर्ध्या वाटेतच दगडांवर पचकन पडला. "अरेरे," लोक म्हणाले. दोघं-तिघं हसले. नेलचे कान लाल झाले, खालचा ओठ पुढे आला. आजीनं दुसरा स्पंज हातात दिला.

तो ओठ टॅमझिनच्या ओळखीचा होता. आता आणखी एकदा नेम चुकला की पोर रडणार, आणि या एवढ्या माणसांदेखत रडली की वर्षभर विसरणार नाही. तिनं बाहीनं डोळ्यांतलं पाणी पुसलं आणि तोंड वर केलं.

"दोन पावलं पुढे ये, राणी," ती म्हणाली. "तिथून नाही लागायचा."