सरावापुरती

"बाई, समजा एखादा खरा पेशंट आला तर?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून मी बिनधास्त हात वर करून विचारून टाकलं. सरकारी दवाखान्यात नव्या नर्सना मुलांच्या मनाचं दुखणं ओळखायला शिकवत होते आणि त्यांच्या सरावासाठी शाळेनं आम्हाला खोट्या पेशंट म्हणून पाठवलं होतं.

"अगं, अनुदान फक्त प्रशिक्षणाचं आलंय," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "उपचारांचं आलं की बघू." सगळे हसले. मीही.

माझ्या वाट्याला भूमिका आली कशाचंच काही न वाटणाऱ्या मुलीची. समोरच्या नर्सताईनं विचारलं, "शेवटचं मनापासून कधी हसलीस?"

मी खूप आठवून पाहिलं. मग म्हटलं, "हसते की रोजच. पण आत काहीच होत नाही."

तिनं पेन खाली ठेवलं. मी पुढे बोलेपर्यंत ती नुसती थांबून राहिली. असं माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. मग मी बोलतच सुटले.

शेवटी टाळ्या पडल्या. "काय ॲक्टिंग करतेस गं, भवाने!" मैत्रिणी म्हणाल्या.



रात्री जेवताना मी जाहीर केलं, "आई, बाबा, मी ठरवलंय. हे प्रशिक्षण संपेपर्यंत दर शनिवारी मी तिथं ॲक्टिंगला जाणार."