लॉरीवरचा दोर

भोरच्या शेटजींचा तांदूळ इतकी वर्षं चिमाजी बैलगाडीनं पुण्याला नेई. आता शेटजींनी लॉरी घेतली होती. लॉरीवाल्या गंगाधरभोवतीची गर्दी पाहून चिमाजीचा जळफळाट झाला. सवयीनं त्यानं पोत्यांवर आवळलेल्या दोरावरून हात फिरवला. बोटांना तो पोकळ लागला; दोर आतून विरला होता. कात्रजच्या घाटात तुटणारच. तुटू दे, होऊ दे फजिती, असं मनात आलं. तेवढ्यात पोत्यांवर बसलेली फुलाबाई म्हणाली, “दादा, लेकरू तेवढं वर द्या.” त्यानं लेकरू उचललं, पण वर देववेना. “आदुगर दोर बदला! माझा घ्या,” तो ओरडला. गंगाधरनं पीळ उकलून पाहिला आणि दोर बदलला. “काका, माझ्याशेजारी बसा,” तो म्हणाला. घाटात जुन्या सोबत्यांच्या बैलगाड्या मागं पडल्या. चिमाजीनं रामराम केला. कुणीच घेतला नाही. त्यांच्या पोटात काय जळत होतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक?