कॉलरच्या आत

फोन वाजला तेव्हा शिंप्याच्या तोंडात तीन टाचण्या होत्या. त्या थुंकून त्याने फोन कानाला लावला.

"शाळेतून बोलतेय. तुमची मुलगी मैदानात पडलीय. रांगेत उभी होती आणि एकदम..."

"किती मिनिटं झाली?"

"अं?"

"अहो, मिनिटं! घड्याळ बघा! कुशीवर वळवलंत का?"

पलीकडे गलका ऐकू आला आणि फोन बंद पडला. शिंपी दुकान उघडं टाकून पळत सुटला. गळ्यात टेप तसाच, एका पायात चप्पल, दुसरी मशीनखाली राहिली. सुट्टीनंतरचा शाळेचा पहिला दिवस, आणि अजून दहासुद्धा वाजले नव्हते.

सुट्टीत त्याच्या ठकूला दोनदा फिटचा झटका आला होता. पहिल्यांदा स्वयंपाकघरात, दुसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांदेखत, मशीनच्या पायाशी. डोळे पांढरे, हातपाय ताठ, आणि ही आपली अकरा वर्षांची पोर आपल्याला ओळखत नाही. शुद्धीवर आली की तिला काही आठवायचं नाही. त्याला मात्र एकेक सेकंद आठवायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, शाळेत कळवून ठेवा. त्यावर ठकूने घर डोक्यावर घेतलं.

"शाळेत सांगितलंस तर मी जाणारच नाही. सगळ्या माझ्याकडे बघत बसतील. शब्द दे, बाबा."

त्याने शब्द दिला. आता शिंप्याचा शब्द काय लायकीचा असतो ते त्याच्या गिऱ्हाइकांना विचारा. त्याच दुपारी त्याने बोटभर रुंद पांढरी पट्टी कापली आणि न पुसणाऱ्या शाईने तीवर बारीक अक्षरात लिहिलं: 'हिला झटका आलाय. घाबरू नका. कॉलर सैल करा, कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर डॉक्टर.' खाली दुकानाचा नंबर. पट्टी त्याने तिच्या नव्या शर्टाच्या कॉलरखाली शिवली. पडलेल्या माणसाची कॉलर कुणीही आधी सैल करतं, असा त्याचा हिशेब. ठकूला पत्ता लागू दिला नाही.

फोन दुकानात आला, म्हणजे पट्टी सापडली. म्हणजे खरंच आलाय. पळताना त्याच्या तोंडून एकच निघत होतं, "देवा, पाचच्या आत. पाचच्या आत."

मुलीला मैदानातून शाळेच्या व्हरांड्यात आणलं होतं, भोवती पोरींचा घोळका होता. तो ढकलत आत घुसला. जमिनीवर कुशीला वळलेली पाठ, दोन वेण्या, उलटलेली कॉलर आणि तिच्यावर त्याच्याच हातची टीप. तो धप्पकन गुडघ्यांवर बसला आणि तिचा चेहरा आपल्याकडे वळवला.

ती ठकू नव्हती. समोरच्या न्हाव्याची मुलगी होती. डोळे उघडे, घामाघूम, ओशाळलेली.

"काका, मी सकाळी काही खाल्लंच नव्हतं," ती पुटपुटली.

"हुश्श," शिंप्याच्या तोंडून निघून गेलं. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. दुसऱ्याची पोर जमिनीवर आणि आपण हुश्श म्हणतो! मग डोक्यात प्रकाश पडला. तो प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला नावाची चिठ्ठी टाचायचा, घरच्या कपड्यांना कधीच नाही. घरची मापं तोंडपाठ. न्हाव्याच्या मुलीचं माप अगदी ठकूचंच. काल इस्त्री करताना तिची चिठ्ठी गळून पडली आणि बिनचिठ्ठीचे दोन शर्ट शेजारी शेजारी राहिले. घाईत कॉलर न उलटवताच त्याने अंदाजाने एक उचलून न्हाव्याला दिला होता.

आणि ठकू? ठकू भिंतीला टेकून बसली होती. हातात बाईंचं घड्याळ. ती त्याच्याकडे बघत होती.

"मी या वर्गावर आजच आलेय हो," बाई म्हणाल्या. "मुलींची नावंही माहीत नाहीत. पट्टी वाचली आणि फोन करायला धावले. मागे या पोरीनेच सगळं केलं. पट्टीवर लिहिलंय तसं, एकेक."

शिंप्याला ठकूकडे बघवेना. तिने पट्टी वाचली होती. बापाचं अक्षर तिने ओळखलं नसेल, हे शक्यच नव्हतं. आता ही शाळेत पाऊल टाकणार नाही. आणि आत्ता, या क्षणी, तिच्या अंगावर बिनपट्टीचा, कोरा शर्ट होता.

"ठकू, चुकलं माझं. मी शब्द मोडला."

ती उठली. मैत्रिणीशेजारी येऊन बसली आणि कॉलरची टीप दातांनी तोडून तिने पट्टी उसवली. आजूबाजूच्या पोरी टक लावून बघत होत्या. तिने बघू दिलं.

"ती पडली ना, तेव्हा सगळ्या मागे सरकल्या, बाबा. मीपण. काय करायचं ते कुणाला कळेना." तिने पट्टी बोटांनी सरळ केली. "पट्टी सापडेपर्यंत ती तशीच पडून होती."

"संध्याकाळी लावतो तुझ्या शर्टाला," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आतून. कुणाला दिसणार नाही."

शिंप्याच्या शर्टाला नेहमी एक दोरा ओवलेली सुई टोचलेली असे. ठकूने ती काढून त्याच्या हातात दिली.

"आत्ता लाव. खिशावर, बाहेरून. शोधण्यात मिनिटं जातात."